खिडकी क्रमांक 4 : पदवीआधी क्रेडिटचा ताळा

भाच्याच्या पाच सेमिस्टरची क्रेडिट्स मिळून 110 व्हायला हवी होती. कॉलेजने हातात दिलेल्या कागदावर 108 होती. ही दोनाची तूट जानेवारीतच सापडली, म्हणून आज मी शांतपणे लिहायला बसू शकते आहे. हीच तूट जूनमध्ये, शेवटच्या निकालानंतर कळली असती तर काय होतं, ते मी स्वतः भोगलेलं आहे.

मी लोअर परळला एका सीएंच्या ऑफिसात अकरा वर्षं अकाउंट्स बघते. भाचा भांडुपला राहतो आणि परळ-दादर पट्ट्यातल्या एका स्वायत्त, म्हणजे स्वतःच परीक्षा घेणाऱ्या, कॉलेजात बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ताई नर्स आहे, तिच्या ड्युट्या फिरत्या. भाऊजी कामासाठी बाहेरगावी असतात. त्यामुळे कॉलेजकडून 'पदवी व गुणवत्ता पात्रता पडताळणी'चा मेसेज आला तेव्हा त्याने मला फोन केला. "मावशी, येशील का? तुला आकडे कळतात." कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. चूक सांगणार आहे, आणि ती ज्यांनी निस्तरली त्यांच्याच नावावर ती चिकटावी असं मला वाटत नाही. पण सेवा इतकी कामाची आहे की ती कशी चालते ते इतर पालकांना कळायलाच हवं.

पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर आणि सहाव्याची परीक्षा व्हायच्या आत परीक्षा विभाग शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला बोलावतो. पहिल्या सेमिस्टरपासूनच्या सगळ्या नोंदींचा एक उतारा छापून समोर ठेवतात, मुलाच्या हातातल्या गुणपत्रकांशी ओळ न् ओळ जुळवतात, आणि शेवटी लिहून देतात की आजच्या घडीला पदवीसाठी काय बाकी आहे, कॉलेजच्या गुणवत्ता यादीत हा बसतो का, आणि चौथ्या वर्षाच्या ऑनर्सचं काय. फी नाही. सोबत घरचं एक माणूस चालतं.

आता हे क्रेडिट प्रकरण ज्यांच्या घरात अजून आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रेडिट म्हणजे त्या विषयाला किती तास द्यायचे त्यावरून ठरलेलं त्याचं वजन. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे एका सेमिस्टरला 22 क्रेडिट्स असतात. सहा सेमिस्टरची 132 झाली की तीन वर्षांची पदवी, आठ सेमिस्टरची 176 झाली की ऑनर्सची. पूर्वी आपण विषय सुटला की नाही एवढंच बघायचो. आता मुख्य विषयाच्या जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय आहे, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय आहे, कौशल्याचे, भाषेचे पेपर आहेत, फील्ड प्रोजेक्ट आहे, सहशैक्षणिक उपक्रम आहेत. दोन-दोन क्रेडिटचे हे बारके डाव इतके की मुलांना स्वतःलाच धड आठवत नाहीत. आणि 132 म्हणजे 132. त्यात 130 ला पदवी मिळत नाही.

मी 2012 साली टीवाय, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, बीकॉमची परीक्षा दिली, तेव्हा असली काही सोय नव्हती. एफवायला, पहिल्या वर्षाला, माझा फाउंडेशन कोर्सचा पेपर राहिला होता. एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय मागे ठेवून वरच्या वर्गात गेले, पुढच्या परीक्षेत ती सोडवली आणि मी ते विसरूनही गेले. तेव्हा पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेज घ्यायचं, शेवटच्या वर्षाची विद्यापीठ. माझी ती सुटलेली एटीकेटी कॉलेजने पुढे कळवलीच नव्हती. टीवायच्या गुणपत्रकावर सगळ्या विषयांत पास, आणि निकालाच्या जागी तीनच अक्षरं : आरएलई. म्हणजे खालच्या परीक्षेचा निकाल बाकी आहे, म्हणून हाही राखून ठेवलेला. एका पतसंस्थेत माझी नोकरी जवळजवळ पक्की होती. त्यांनी गुणपत्रकासाठी पंधरा दिवस दिले, मला सव्वाचार महिने लागले. जुनं रजिस्टर माळ्यावर होतं, ज्यांना ते माहीत होतं ते क्लार्क रिटायर झाले होते, आणि मी दर आठवड्याला जाऊन "उद्या या" ऐकून परत येत होते. शेवटी रजिस्टर निघालं तेव्हा माझे मार्क तिथे स्वच्छ लिहिलेले होते. दोन वर्षं ते तिथेच होते, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं इतकंच. नोकरी तोवर दुसऱ्या मुलीला लागली होती.

म्हणून भाच्याला मी म्हटलं, येते, आणि तुझी पाचही गुणपत्रकं घे. मोबाइलमधली चालणार नाहीत, छापलेली घे.

शनिवारी साडेदहाला पोहोचलो. टोकन 17. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकी क्रमांक 4 बाहेर दोन बाकडी, पन्नासेक मुलं. बाराला पाच मिनिटं असताना आमचा नंबर लागला. आतल्या मॅडम पन्नाशीच्या असतील. त्यांनी आम्हाला खिडकीबाहेर उभं न करता दारातून आत घेतलं, समोर खुर्च्या दिल्या. त्यांच्या टेबलावर संगणक होताच, पण काम चाललं होतं ते एका लाकडी फूटपट्टीने आणि लाल पेन्सिलीने. उताऱ्यावर एका ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, मुलाने आपल्या गुणपत्रकावरून विषय, क्रेडिट, ग्रेड मोठ्याने वाचायचं, जुळलं की लाल टिक, आणि फूटपट्टी एक ओळ खाली. आमच्या ऑफिसात ऑडिटच्या दिवसांत दोघं समोरासमोर बसून असंच करतात. एक वाचतो, दुसरा टिक मारतो. स्वतःच वाचून स्वतःच टिक मारली तर डोळे हवं तेच वाचतात. मला तिथेच बरं वाटलं.

पहिली दोन सेमिस्टर सरळ गेली. तिसऱ्यात भाच्याने वाचलं, "सहशैक्षणिक उपक्रम, दोन क्रेडिट, 50 पैकी 41, ए प्लस." मॅडमची फूटपट्टी तिथेच थांबली. उताऱ्यावर विषयाचं नाव होतं, पुढचे तिन्ही रकाने कोरे.

"तू कुठल्या ग्रुपला होतास रे?"

"आधी सांस्कृतिकला मॅडम. सेमिस्टर तीन सुरू झाल्यावर एनएसएसला आलो."

"कधी बदललंस?"

"पहिल्याच आठवड्यात. अर्ज दिला होता."

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. झालं होतं ते असं. एकत्रित नोंद तयार करताना सिस्टिमने ग्रुपची जुनी यादी उचलली. सांस्कृतिक मंडळाच्या यादीत याचे मार्क शोधले, मिळाले नाहीत, जागा कोरी सोडली. सेमिस्टरचं गुणपत्रक आधीच वेगळ्या यादीवरून छापून झालं होतं, त्यात सगळं बरोबर होतं. त्यामुळे वर्षभर कोणालाच काही खटकलं नाही. भाच्यानेही 'उत्तीर्ण' वाचून पीडीएफ बंद केली होती.

मी पर्समधून पेन काढलं. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी, काढायला ग्रेड पॉइंटला क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं, हिशेब एवढाच असतो. त्याच्या पाच सेमिस्टरचे आकडे 172, 176, 180, 174 आणि 184. बेरीज 886. भागिले 110, म्हणजे 8.05. उताऱ्यावर मात्र तिसऱ्या सेमिस्टरचे 180 च्या जागी 162 होते, कारण ए प्लसचे नऊ गुणिले दोन असे 18 गळले होते. 868 भागिले 110, म्हणजे 7.89. विषय भाजकात मोजला होता आणि भाज्यात सोडला होता. या कॉलेजच्या गुणवत्ता यादीची रेघ 8.00 वर आहे. दोन क्रेडिटच्या एका कोऱ्या ओळीने मुलगा रेघेच्या खाली गेला होता, आणि पदवीच्या हिशेबात तर तो पात्रच ठरत नव्हता.

इथून पुढे जे झालं त्यासाठी मी या खिडकीला मनापासून मार्क देते. मॅडम गुणपत्रक बघून तिथल्या तिथे आकडा भरू शकल्या असत्या. आम्हीही खूश झालो असतो. त्या म्हणाल्या, "दोन कागद दोन गोष्टी सांगतायत. तिसरा कागद बघू." त्यांनी एनएसएसच्या सरांना फोन लावला आणि हजेरीचं रजिस्टर मागवलं. आमच्या ऑफिसात सीए सर हेच सांगतात. व्हाउचर नसेल तर नोंद कितीही सुबक असली तरी ती धरायची नाही.

वीस मिनिटांनी एक शिपाईकाका रजिस्टर घेऊन आले. कापडी कोपऱ्यांचं, जाड पुठ्ठ्याचं, पाण्याने एका कडेला फुगलेलं. अशा उपक्रमांना एका क्रेडिटमागे 30 तास काम धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला 60 तास दिसायला हवेत. मॅडमनी भाच्याची पानं काढली आणि पुन्हा फूटपट्टी ठेवून तास मोजायला घेतले. वृक्षारोपण 4, रक्तदान शिबिर 6, वाचनालयाची आवराआवर 5. मग एक ओळ आली : 17 सप्टेंबर 2024, अनंत चतुर्दशी, गिरगाव चौपाटी, निर्माल्य संकलन, दुपारी 2 ते रात्री 10, तास 8. पुढे त्याची सही, शाई पसरलेली.

तो दिवस मला आठवतो. रात्री भांडुपला जाण्याइतका जीव उरला नव्हता म्हणून तो माझ्याकडे आला होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बोटांच्या बेचक्यांत वाळू, शर्टाला झेंडू आणि दुर्वांचा कुजट-गोड वास. हार, फुलं, केळीची पानं पाण्यात जाऊ नयेत म्हणून लोकांच्या हातातून घेऊन कलशात टाकायची, लोक रागावले तरी नीट बोलायचं, हे काम त्याने आठ तास केलं होतं. भात जेवता जेवता डोळे मिटत होते त्याचे. ते आठ तास त्या ओळीत होते, आणि संगणकात मात्र नव्हते. त्याक्षणी मला राग आला होता हे मी लपवत नाही. मॅडमनी शेवटपर्यंत मोजलं. एकूण 64 तास भरले.

मग दुरुस्तीचा अर्ज. त्याला गुणपत्रकाची प्रत, रजिस्टरच्या पानाची प्रत, एनएसएसच्या सरांची सही, नंतर परीक्षा नियंत्रकांची. कॉलेजची नोंद दुरुस्त झाली की ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये पुन्हा चढवायची. ही क्रेडिट बँक केंद्राने 2021 साली सुरू केली. प्रत्येक मुलाचा त्यात बारा आकडी क्रमांक असतो आणि जमा झालेली क्रेडिट्स डिजिलॉकरमधून बघता येतात. आपण बँकेचं पासबुक भरून आणतो तसं दर सेमिस्टरला ते उघडून बघा, एवढं मी प्रत्येक पालकाला सांगेन. 15 दिवसांत होईल असं म्हणाले होते, 19 दिवस लागले. विसाव्या दिवशी भाच्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला, 110.

ऑनर्सबद्दल खिडकीवर जे सांगितलं ते तर बहुतेक घरांत कोणाला माहीत नसावं. ताईसकट आम्ही सगळे समजत होतो की ऑनर्स म्हणजे जास्त मार्क, जुन्या डिस्टिंक्शनसारखं. तसं नाही. ऑनर्स म्हणजे चौथं वर्ष आणि 176 क्रेडिट्स. तिसऱ्या वर्षाला कितीही मार्क पडले तरी तीन वर्षांनी बाहेर पडलात तर पदवी साधी. आणि चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स घ्यायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात. मॅडमनी एका चिठ्ठीवर भाच्याचा हिशेब मांडला. पाच सेमिस्टरचे 2750 पैकी 2071, म्हणजे 75.31 टक्के. सहा सेमिस्टरचे एकूण 3300, त्याचे 75 टक्के 2475. म्हणजे शेवटच्या सेमिस्टरला 550 पैकी 404 हवेत. ते 41 मार्क गळलेलेच राहिले असते तर 445 लागले असते, म्हणजे जवळजवळ 81 टक्के.

"नोकरी की चौथं वर्ष?" मॅडमनी विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"ठरव आरामात. पण 404 लक्षात ठेव."

ती चिठ्ठी त्याने मोबाइलच्या कव्हरमध्ये घातली आहे.

गुणवत्ता यादीचा एक नियम मला पटला नाही. सगळी सेमिस्टर पहिल्या प्रयत्नात सुटलेली हवीत. आमच्या आधीच्या मुलीचा सीजीपीए 8.60 होता, पण पहिल्या सेमिस्टरला डेंग्यू झाल्यामुळे तिचा एक पेपर चुकला होता. तो तिने पुढच्या वेळी दिला. पदवीला त्याने काही अडत नाही, यादीतून मात्र नाव गेलं. मॅडमनी तिला खोटी आशा दाखवली नाही, नियमाची ओळ दाखवली आणि प्राचार्यांना अर्ज करता येतो हेही सांगितलं. मुलगी तोंड फिरवून बाहेर गेली. हॉस्पिटलचे कागद असताना आजारपणाला सूट मिळायला हवी. पेपर न झेपणं आणि पेपरच्या दिवशी सलाइन लावलेलं असणं यांना एकच शिक्षा हे बरोबर नाही.

अजून एक तपासणी तिथे होते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका : नाव. परीक्षा स्वायत्त कॉलेज घेत असलं तरी पदवी विद्यापीठाचीच असते, आणि कॉलेज पाठवील तेच नाव पुढे जातं. फॉर्मवर मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव देवनागरीतही असतं. भाच्याच्या आडनावातल्या 'ळ' चा 'ल' झाला होता, इंग्रजी नावावरून मशीनने पुन्हा देवनागरीत लिहिलं की हमखास होतं ते. मॅडमनी स्वतः विचारलं, "हा ल की ळ?" शाळेच्या दाखल्याची प्रत दिली, तिथेच दुरुस्त झालं. पदवीवर छापून आल्यावर हे बदलायला प्रतिज्ञापत्र आणि कितीतरी खेटे पडतात. आमच्या ऑफिसातल्या एकाने ते सगळं केलेलं आहे.

आता तक्रारी. मेसेज फक्त इंग्रजीत, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तीन दिवस आधी. ज्यांचे आईवडील मराठीच वाचतात त्यांनी काय करायचं? खिडकी साडेदहा ते दीड. या कॉलेजात कितीतरी मुलं दिवसा काम करून शिकतात. भाचा स्वतः एका मोबाइलच्या दुकानात असतो, त्या दिवशी त्याचा पगार कापला गेला. गुणवत्ता यादीचे नियम आतल्या कपाटावर चिकटवलेले आहेत, रांगेतल्या मुलांना ते दिसतच नाहीत. ते बाहेरच्या बोर्डावर लावले तर मॅडमचा निम्मा वेळ वाचेल.

आणि सगळ्यात महत्त्वाची, पोच. दुरुस्तीचा अर्ज घेतला आणि "ठेवा तिथे" म्हणाले. मी पोच मागितली. टेबलावर आवक रजिस्टर होतं, शिक्का होता, पण मागितल्याशिवाय देत नव्हते. मी माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठले नाही. मॅडमना राग आला नाही, उलट त्यांनी मागच्या दोन मुलांनाही आपणहून शिक्के मारून दिले. 2012 मध्ये माझ्याकडे असा एक शिक्का असता तर सव्वाचार महिने मी हात हलवत परत आले नसते.

सहाव्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंगची 4 क्रेडिट्स आहेत, म्हणजे 120 तास. त्याचं प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात आणायचं, तास कोण मोजणार, हे जानेवारीत खिडकीवर कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. फॉर्म येतोय म्हणाले. दोन क्रेडिटची नोंद जर वर्षभर हरवू शकते तर चारच्या नोंदीसाठी फॉर्म आधी तयार हवा होता. मी भाच्याला रोजच्या तासांची वही करायला सांगितली आहे, रोज कंपनीतल्या सुपरवायझरची सही घेऊन.

पाचपैकी मी साडेतीन तारे देईन. मूळ काम, म्हणजे समोर बसवून तपासणं आणि चूक निघाल्यावर पुराव्यापर्यंत जाणं, हे पाचचं आहे. दीड तारा वेळ, भाषा, पोच आणि त्या न आलेल्या फॉर्मसाठी कापला. तुमच्या मुलाच्या कॉलेजात अशी पडताळणी असेल तर छापील गुणपत्रकं, शाळेचा दाखला, क्रेडिट बँकेचा क्रमांक आणि एटीकेटी सुटली असेल तर तिचंही गुणपत्रक घेऊन जा. कॉलेजात ही सोय नसेल तर पाचव्या सेमिस्टरनंतर लेखी अर्ज करून एकत्रित उतारा मागा आणि घरी बसून दोघांनी वाचून टिक मारा.

मी निघताना मॅडमना विचारलं, आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सात वाजेपर्यंत खिडकी उघडी ठेवता येईल का, आणि मेसेज मराठीतही पाठवता येईल का. त्या म्हणाल्या, "मी बोलून होणार नाही. तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवते." तिथेच बाकड्यावर बसून अर्ज लिहिला. आवक क्रमांक घेतला आहे.